कानातली अढी

आमच्या अजिंठ्याला इंग्रजी आली ती चाकूच्या टोकावर. दहा नंबरच्या लेण्यात एका गोऱ्या अधिकाऱ्यानं चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती अजून दिसते. त्यानंतरच्या सव्वादोनशे वर्षांत फर्दापूरच्या माणसांनी ती भाषा उचलली, आपल्या जिभेवर बसवली आणि तिच्यावर तीन-चार पिढ्या जेवल्या. मी कौसल्या हिवराळे, वय चौपन्न, एकोणतीस वर्षांची परवानाधारक गाईड. माझं इंग्रजी कुठल्या शाळेतलं नाही. जुन्या गाईडांच्या पाठीमागे उभं राहून मी ते पाठ केलं, आणि त्यांनी त्यांच्या आधीच्यांकडून. त्यात ट आणि ड दणकून येतात, वाक्याचा शेवट वर चढतो आणि 'व्हेरी ब्युटिफुल' जरा जास्तच वेळा येतं. आम्ही त्याला लेणी-इंग्रजी म्हणतो. जपान्यापासून ब्राझीलवाल्यापर्यंत त्यामुळे कुणाचं काही अडलेलं मी पाहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०४१ साली, लेण्यांच्या दर्शनाचा ठेका घेतलेल्या कंपनीनं एक यंत्र आणलं. त्याचं कंपनीतलं नाव 'सुश्राव्य'. कानाच्या वरच्या कडेला अडकवायचं, म्हणून आम्ही गाईड मंडळींनी त्याला बुगडी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव पडलं. गाईडच्या गळ्यात एक छोटा माइक, पर्यटकाच्या कानात बुगडी. मी बोलायचे माझ्याच आवाजात, पण प्रत्येकाला ऐकू यायचं ते त्याच्या कानाला गोड लागेल अशा इंग्रजीत. लीड्सहून आलेले एक आजोबा जाताना मला म्हणाले की मी अगदी त्यांच्या वारलेल्या मावशीसारखी बोलते. मी कपाळाला हात लावला, पण मनातून सुखावले. खोटं कशाला बोलू?

शिवाय ते यंत्र माझ्या लेकीच्या हातचं होतं. संघमित्रा, आमची मित्रा, पुण्याला त्या कंपनीच्या श्रवण विभागात इंजिनिअर आहे. तिचे बाबा ती पाचवीत असताना गेले. तिला मी एकटीनं संभाजीनगरच्या इंग्रजी शाळेत घातलं, वसतिगृहात ठेवलं. तिचं इंग्रजी असं की ऐकताना कुठल्या गावची मुलगी ते ओळखूच येऊ नये. सगळ्या लेण्यांत मी सांगत फिरले होते की ही बुगडी माझ्या लेकीनं केली.

ती कशी चालते हेही तिनंच मला समजावलं होतं, आमच्या स्वयंपाकघरात, मी भाकरी थापत असताना. कुणी बोलायला लागलं की ऐकणाऱ्याचा मेंदू सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात निकाल देऊन टाकतो: हा आपला की परका, शहाणा की अडाणी, खरं बोलतोय की थापा मारतोय. शब्दांचा अर्थ लागायच्या आत हे होतं, माणसाला त्याचा पत्ताही नसतो. पण त्या निकालाची लहर मेंदूत उठते आणि ती कानाच्या नळीच्या कातडीवरूनही टिपता येते. बुगडीचे दोन बारीक स्पर्शक तेच काम करतात. पहिली दहा सेकंदं ती खरा आवाज जाऊ देते आणि ऐकणाऱ्याच्या मनात किती अढी उठली ते शून्य ते शंभरात मोजते. मग हळूहळू उच्चार बदलत नेते. स्वर थोडे लांबवते, ट मऊ करते, वाक्याची चाल बदलते. अढी कमी झाली की त्याच दिशेनं आणखी पुढे, वाढली की मागे. जिथं अढी सगळ्यात कमी, तिथं थांबते. शब्द मात्र गाईडचेच राहतात. कंपनीच्या कागदांत त्याला 'विरोधांक' म्हणतात. अढी हा शब्द माझा, आणि मित्रालाही तो आवडला होता.

"म्हणजे तुमचं यंत्र सुनेला सासूच्या तोंडून आईचा आवाज ऐकवतं," मी म्हटलं होतं, आणि आम्ही दोघी खूप हसलो होतो.

मग गेल्या महिन्यात पत्र आलं. एक तारखेपासून कुठल्याही गाईडनं पर्यटकांशी उघड्या आवाजात इंग्रजी बोलायचं नाही, बुगडीतूनच बोलायचं, आणि तसं लिहून दिल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. सोबत प्रत्येकाचा दोन वर्षांचा सरासरी विरोधांक जोडला होता. माझा एकाहत्तर. खाली एक ओळ होती: 'आपला नैसर्गिक उच्चार पर्यटकांच्या समाधानास बाधक आहे.' सह्या करायला शुक्रवारी बोलावलं होतं.

बाधक हा शब्द मी तीनदा वाचला. एकोणतीस वर्षं ज्या तोंडावर मी घर चालवलं, लेक शिकवली, त्या तोंडाला हे कुलूप घालायला निघाले होते. सलीमभाई, माझ्याबरोबरचे सगळ्यात जुने गाईड, म्हणाले, "बाई, सही करा अन् मोकळ्या व्हा. आपन बोलायचं ते बोलतोच ना. कुनाला कसं ऐकू येतं त्याचं आपल्याला काय करायचंय?"

मी त्यांना एवढंच विचारलं की ही एकाहत्तर अढी आहे कुणाची.

नियमाप्रमाणे गाईडला स्वतःच्या नोंदी मागता येतात. मी अर्ज टाकला आणि पर्यटन केंद्रातल्या मुलीकडून तक्ता काढून घेतला. गावोगावच्या ऐकणाऱ्यांची सरासरी त्यात होती. ओसाका बारा. साओ पावलो पंधरा. लीड्स, मँचेस्टर वगैरे धरून अठ्ठावीस. दिल्ली एकसष्ट. मुंबई एक्क्याऐंशी. पुणे ब्याऐंशी. संभाजीनगर पंच्याऐंशी.

मी तो तक्ता उभ्याउभ्याच सलीमभाईंना दाखवला. मला वाटत होतं गोऱ्यांना आपलं बोलणं खटकत असेल. ज्यांची ती भाषा, त्यांना अढी थोडी होती. खरी अढी घरच्यांची. ज्यांची आजी माझ्या आजीसारखीच बोलायची, ज्यांच्या स्वतःच्या बापाचा ट माझ्या ट सारखा दणकून यायचा, त्यांना माझ्या तोंडचं इंग्रजी ऐकवत नव्हतं. दुसऱ्यानं हिणवलं तर उलटून बोलता येतं, पण घरच्यांनीच नाक मुरडलं तर माणूस कुणाच्या दारात जाऊन भांडणार?

शेवटच्या पानांवर एकेका बुगडीची तारीखवार नोंद होती. मी ती चाळत बसले, आणि बुद्धपौर्णिमेच्या दिवसाशी थांबले. त्या दिवशी मित्रा तिच्या ऑफिसातल्या चौघांना घेऊन आली होती. सतरा नंबरची बुगडी मीच माझ्या हातानं तिच्या कानात बसवली होती, केस मागे सारून, लहानपणी डूल घालायचे तशी. सतरा नंबरसमोर आकडा होता त्र्याण्णव. त्या अख्ख्या तक्त्यात तेवढा मोठा दुसरा आकडा नव्हता.

मित्रा गुरुवारी संध्याकाळी आली. शुक्रवारी सह्यांच्या वेळी यंत्रं सांभाळायला कंपनीनं तिलाच पाठवलं होतं. चहा देण्याआधी मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं पाहिलं, आणि ती रडली नाही की तिनं आढेवेढे घेतले नाहीत. तिला तो आकडा आधीपासून माहीत होता.

"आई, तो मी ठरवलेला नाही," ती म्हणाली. "कान ठरवतो. मला तो बदलता आला असता तर मी कधीच बदलला असता."

मी विचारलं, असला कान तुला दिला कुणी. त्यावर तिनं सातवीतली गोष्ट काढली. शाळेच्या स्नेहसंमेलनात पालकांतर्फे आभार मानायला मला उभं केलं होतं. मी इंग्रजीत बोलले, लेण्यांत बोलते तसं, छाती काढून. पुढे वर्षभर वर्गातल्या मुली मित्राला माझ्या चालीत 'व्हेरी ब्युटिफुल' म्हणून दाखवायच्या. हे तिनं मला तेव्हा सांगितलं नव्हतं. पण मला ते कुठूनतरी कळलं होतं, हेही तिला माहीत होतं.

"त्यानंतर तू शाळेत सहा वेळा आलीस," ती म्हणाली. "एकदाही इंग्रजी बोलली नाहीस. सिस्टरांनी इंग्रजीत विचारलं की मान हलवायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी तुला गप्प बस म्हटलं नव्हतं, आई. तू आपणहून गप्प बसलीस. मग मी काय समजायचं होतं?"

मी तिचं भलं व्हावं म्हणून तोंड मिटलं होतं, आणि त्या मिटलेल्या तोंडाकडे बघून ती शिकली होती की हे तोंड मिटण्याच्याच लायकीचं आहे. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला तो माझाच.

मग तिनं पिशवीतून एक बुगडी काढून माझ्या कानात अडकवली. म्हणाली, आता तुझा कान बघू. गाईडनं बुगडी घालून ऐकायची वेळ कधी येत नाही, दोन वर्षांत मी ती एकदाही घातली नव्हती. तिनं आधी एका इंग्लंडच्या बाईंचा आवाज लावला. अढी नऊ. मग सलीमभाईंचा. माझ्या या मानलेल्या भावाचा, ज्यांच्या मागे उभी राहून मी अर्धं इंग्रजी शिकले त्यांचा. अढी चौसष्ट. मग माझं स्वतःचं, एक नंबरच्या लेण्यातलं. पडद्यावर आकडा चढत गेला आणि अठ्ठ्याऐंशीवर थांबला.

मी म्हटलं, स्वतःचा आवाज कुणालाच आवडत नाही. ती म्हणाली की ते खरं आहे, त्यानं दहा-पंधरा वाढतात. उरलेल्याचं काय, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दहा सेकंदं उलटली, बुगडी कामाला लागली आणि माझ्या कानात माझेच शब्द एक परकी बाई बोलू लागली. छान बोलत होती. संथ, ठाम, शिकलेली. मी स्वतः तिच्यामागे अख्खी लेणी फिरले असते. ती बुद्धाच्या मोठ्या मूर्तीपाशी आली, आणि तिथं मला काहीतरी खुपलं. ती थांबली नाही. मूर्तीचा चेहरा डावीकडून बघा, उजवीकडून बघा, समोरून बघा, असं ती एका दमात म्हणून गेली.

मी तसं बोलत नाही. मी तिथं दोनदा थांबते. माझे वडील, बापू, लेण्यांत उजेडवाले होते. दिव्यांची सोय नव्हती तेव्हा दाराबाहेर पांढरा पत्रा धरून सूर्याचा उजेड आत टाकायचं त्यांचं काम. गाईड म्हणायचा, डावीकडून बघा. मग थांबायचा, कारण बापूंना पत्रा फिरवायला वेळ लागायचा. उजेड सरकायचा, आणि बुद्धाच्या चेहऱ्यावरचं दुःख जाऊन हसू यायचं. लोक श्वास रोखून धरायचे. मग पुन्हा थांबायचा, पत्रा समोर यायचा आणि मूर्ती ध्यानात जायची. पत्रे गेले, दिवे आले, बापू गेले. पण आमच्या इंग्रजीत त्या थांबण्याच्या जागा राहिल्या. सगळ्या फर्दापूरच्या गाईडांच्या बोलण्यात त्या आहेत.

मी मित्राला विचारलं, यंत्रानं त्या कुठं टाकल्या. ती खाली बघून म्हणाली की यंत्र त्यांना अडखळणं समजतं. ऐकणाऱ्यांची अढी तिथं वाढते, म्हणून ते जागा बुजवून टाकतं.

"ते अडखळणं नाही," मी म्हटलं. "तुझे आजोबा पत्रा फिरवतायत."

तिनं माझ्या कानातली बुगडी काढून हातात घेतली. मग मी तिला साधा प्रश्न विचारला, इंजिनिअरला विचारावा तसा. तक्त्यात चढते ती अढी पहिल्या दहा सेकंदांतली. कुणाला दहा मिनिटं खरा आवाजच ऐकू दिला, तर? मित्रा म्हणाली की हे जुनं शास्त्र आहे, कानाला सवय होते. नव्या उच्चारांशी मेंदू दोन-चार मिनिटांत जुळवून घेतो आणि अढी उतरते. सगळ्यांची नाही, पण बहुतेकांची.

"आणि तुमची बुगडी?"

"ती सवय लागूच देत नाही," मित्रा म्हणाली. "तिच्यामुळे ती वेळच येत नाही."

शुक्रवारी पर्यटन केंद्रात कंपनीचे तीन जण बसले होते. बोलायचे ते मुळगुंद नावाचे विभागप्रमुख, सभ्य माणूस, उठून नमस्कार करणारा. सलीमभाईंनी माझ्याआधी सही केली. त्यांच्या घरी आजारी माणूस आहे, मी त्यांना बोल लावला नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं की सही करीन, पण आधी साहेबांनी माझ्याबरोबर एक नंबरच्या लेण्यात दहा मिनिटं यावं. बुगडी कानात असू द्यावी. अढी मोजू द्यावी. फक्त माझा आवाज बदलू नये.

मुळगुंद हसून म्हणाले की यंत्रात तशी सोय नाही. मित्रा भिंतीशी यंत्रांजवळ उभी होती. कंपनीची नोकर म्हणून तिनं गप्प राहायला हवं होतं.

"आहे, सर," ती म्हणाली. "चाचणीसाठी ठेवलेली आहे. मी चालू करते."

मुळगुंदांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तिची नोकरी होती, हे मलाही कळलं आणि तिलाही. तिनं बटण दाबलं.

ते तिघंही कानात बुगड्या अडकवून आमच्याबरोबर निघाले, आणि आम्ही चपला काढून एक नंबरच्या लेण्यात गेलो. मी कुणाला मावशी वाटावी म्हणून बोलले नाही. माझ्या ट आणि ड सकट, चढत्या शेवटांसकट बोलले, आणि 'व्हेरी ब्युटिफुल' नेहमीपेक्षा दोनदा जास्त म्हटलं. मित्राच्या हातातल्या पडद्यावर तीन रेषा होत्या. पहिल्या मिनिटाला तिन्ही ऐंशीच्या घरात. दुसऱ्याला आणखी वर. मला त्या दिसत होत्या, पण मी आवाज खाली आणला नाही. चौथ्या मिनिटाला दोन रेषा उतरायला लागल्या. मूर्तीपाशी आल्यावर मी म्हटलं, "नाऊ सी फ्रॉम लेफ्ट, सर," आणि थांबले. पूर्ण थांबले, बापूंना लागायचा तेवढा वेळ. मित्रानं न सांगता तिथला फिरता दिवा सावकाश उजवीकडे नेला. बुद्ध हसला. त्या तिघांतल्या एका बाईंच्या तोंडून आपसूक 'अरे' निघालं. त्यांची रेषा वीसवर आली होती आणि दुसऱ्याची पस्तिसावर.

मुळगुंदांची सत्तरच्या खाली आलीच नाही.

बाहेर आल्यावर ते म्हणाले की प्रयोग चांगला होता, पण पर्यटकांना तेवढा वेळ नसतो आणि धोरण ते धोरण. मी त्यांना हात जोडून म्हटलं, "साहेब, मग कागदावर तसं लिहून द्या. कौसल्या हिवराळेचा उच्चार बाधक आहे असं लिहू नका. मुळगुंद साहेबांच्या कानात सत्तर अढी आहे आणि ती जात नाही म्हणून हिचा परवाना बंद, असं लिहा. मी लगेच सही करते."

त्यांनी लिहिलं नाही. मी सही केली नाही. परवान्याचं कार्ड गळ्यातून काढून मी टेबलावर ठेवलं आणि आले. रस्त्याला लागल्यावर रडू आलं, ते मी येऊ दिलं.

आता मी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उभी असते. गाड्या तिथंच थांबवाव्या लागतात, तिथून लेण्यांकडे बस सुटते आणि तिथं कंपनीचा ठेका लागत नाही. वेळ नसतो म्हणणाऱ्या साहेबांनी एकदा येऊन बघावं. बसची वाट बघणाऱ्या माणसाकडे वेळच वेळ असतो. मी कुणाकडून काही घेत नाही, कुणाच्या कानात काही घालत नाही. लिंबाखाली उभी राहून बोलायला लागते. बरेच जण पहिल्या मिनिटाला तोंड फिरवतात, विशेषतः आपलेच. काही थांबतात. काही बस सोडून थांबतात. परवा सलीमभाई कार्ड खिशात घालून आले, माझ्याशेजारी उभे राहिले आणि आपल्या त्याच जुन्या आवाजात दहा नंबरचं लेणं सांगायला लागले.

मित्राला कंपनीनं विनावेतन घरी बसवलं आहे. ती रोज सकाळी माझ्याबरोबर येते आणि पुण्या-मुंबईच्या माणसांत उभी राहते. तिच्या कानात काही नसतं. काल मी बोलताना तिच्या कपाळावर ती बारीक आठी पडलेली पाहिली. शाळेच्या दारात मला बघून पडायची तीच. एवढं सगळं होऊनही ती आठी गेलेली नव्हती. मी बोलणं थांबवलं आणि सगळ्यांदेखत तिला विचारलं, "टोचतंय का अजून?"

तिला खोटं बोलता आलं असतं. तिच्याकडे सगळे बघत होते.

"टोचतंय, आई," ती म्हणाली.

"टोचू दे," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं, इंग्रजीत सुरुवात केली.